जुन्या गाडीचा इंधनपंप पुन्हा पुन्हा का जळतो?

जुन्या गाडीचा इंधनपंप एकदा बदलावा लागणे यात विशेष काही नाही. टाकीत बुडालेली ती लहानशी मोटर इंजिन चालू असेपर्यंत अखंड फिरत असते आणि काही वर्षांनी तिचे कार्बन ब्रश (फिरत्या भागाला टेकून त्याला वीज पोचवणारे तुकडे) झिजणारच. मात्र नवा पंप थोड्याच महिन्यांत बंद पडला आणि त्याच्या जागी बसवलेला दुसराही तसाच गेला, तर सगळा दोष पंपाच्या माथी मारणे बरोबर नाही. एखादा पंप मुळातच सदोष निघू शकतो, पण लागोपाठ दोन गेले की बहुतेक वेळा त्यांना मारणारे कारण वायरिंगमध्ये, टाकीत किंवा फिल्टरमध्ये जसेच्या तसे शिल्लक असते आणि ते तिसऱ्या पंपाचाही बळी घेते.

हे कारण ओळखायचे तर पंपाच्या आत काय चालते ते समजून घ्यायला हवे. इंजेक्शन पद्धतीच्या, म्हणजे इंजिनात दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या, पेट्रोल गाडीत पंपाला साधारण 3 बार दाबाने ताशी 100 लिटरच्या आसपास पेट्रोल ढकलावे लागते. जागेवर चालणाऱ्या इंजिनाला तासाला जेमतेम लिटरभर पेट्रोल लागते. उरलेले बहुतेक सर्व, अनेक जुन्या गाड्यांमध्ये, परतीच्या नळीतून टाकीत येते. इतके पेट्रोल त्या दाबाने ढकलण्याचे प्रत्यक्ष काम सुमारे 8 वॉटचे असते, पण 13 व्होल्टवर 6 अँपिअर घेणारा पंप बॅटरीकडून 78 वॉट घेतो. म्हणजे 70 वॉट नुसती उष्णता होते. ही उष्णता वाहून नेण्याचे काम पेट्रोलच करते, कारण पंपातून जाणारे पेट्रोल थेट आर्मेचर (मोटरचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) आणि ब्रश यांच्या भोवतीनेच वाहते. ब्रशपाशी ठिणग्या उडत असूनही आग लागत नाही, याचे कारण तेथे हवाच नसते. पेट्रोलची वाफ हवेत अंदाजे 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच पेट घेते.

गणित केले तर एका फेरीत पेट्रोल फक्त दीड अंशाने तापते. टाकीत 50 लिटर असतील, तर पंपाच्या उष्णतेने त्यांचे तापमान एक अंशाने वाढायला वीस मिनिटे लागतील. टाकीत 5 लिटरच असतील आणि उष्णता बाहेर जात नाही असे धरले, तर दर दोन मिनिटांना एक अंश वाढेल. शिवाय परतीचे पेट्रोल इंजिनाची उष्णता घेऊन येते ते वेगळेच. टाकी सतत तळाला ठेवून गाडी चालवण्याची सवय पंपाला का मानवत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित कारण विजेचे आहे. जुन्या गाडीचा टाकीवरचा कनेक्टर उघडून पाहावा: पितळी पिन तपकिरी पडलेली असते आणि तिच्याभोवतीचे प्लास्टिक कधी कधी वितळून पिवळसर-काळे झालेले दिसते. अशा सांध्याचा रोध फक्त अर्धा ओहम झाला, तरी 6 अँपिअर प्रवाहाला तेथेच 3 व्होल्ट गमवावे लागतात आणि त्या एवढ्याशा पिनेवर 18 वॉट उष्णता तयार होते. पंपाच्या वाट्याला 10 व्होल्ट उरतात. पुढचा दाब तोच असल्यामुळे मोटर घेत असलेला प्रवाह फारसा कमी होत नाही, वेग मात्र घटतो, आणि वेग घटला की तिला थंड ठेवणारे पेट्रोलही कमी वाहते. असा पंप गाडी चालवत राहतो, पण चढावर किंवा जास्त वेगात ती ओढत नाही.

येथे तपासणीतच फसगत होते. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर पूर्ण 12 व्होल्ट दिसतात आणि ‘करंट येतोय, म्हणजे पंपच गेला’ असा निष्कर्ष निघतो. पण प्रवाह वाहत नसेल तर सांध्यावर व्होल्टेज पडणारच नाही. त्यामुळे मोजमाप कनेक्टर जोडलेला असताना आणि पंप चालू असतानाच करायला हवे: एकदा बॅटरीच्या धन टोकापासून पंपाच्या धन टोकापर्यंत आणि एकदा पंपाच्या ऋण टोकापासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत. कोणत्याही एका बाजूला अर्ध्या व्होल्टहून अधिक फरक दिसला, तर रिले (पंपाची वीज चालू-बंद करणारा विद्युत स्विच), कनेक्टर किंवा गंजलेला बॉडी अर्थ (गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी जोडणी) यांपैकी कोठेतरी दोष आहे. नव्या पंपासोबत वायरसह नवा कनेक्टर मिळाला असेल, तर तो बाजूला टाकून जुन्याच कनेक्टरवर काम भागवणे हा खरोखर महागात पडणारा आळस आहे.

दुसरे मोठे कारण म्हणजे घाण. पत्र्याची टाकी आतून गंजली की बारीक कण पंपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकतात. जाळी तुंबली की पंपाला पेट्रोल ओढावे लागते, तेथील दाब कमी होतो आणि पेट्रोलमधले हलके घटक बुडबुडे होऊन उकळू लागतात. मग पंपातून किरकिर ऐकू येते आणि घेतलेला विजेचा प्रवाह नेहमीपेक्षा कमी दिसतो. पंपाच्या पुढचा फिल्टर तुंबला तर याच्या उलट घडते: पंपाला जास्त दाबाविरुद्ध ढकलावे लागते आणि विजेचा प्रवाह वाढतो. नुसत्या अँपिअरच्या आकड्यावरून अडथळा पंपाच्या मागे आहे की पुढे, याचा अंदाज येतो, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. टाकी गंजलेली असेल तर ती उतरवून साफ केल्याशिवाय, आणि पत्रा पार गेला असेल तर टाकीच बदलल्याशिवाय, नव्या पंपाला आयुष्य नाही.

इथेनॉल मिसळलेले पेट्रोल ही घाण वाढवू शकते. इथेनॉल पाणी शोषते. 10 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पाणी सुमारे 0.5 टक्क्याच्या पुढे गेले की इथेनॉल आणि पाणी वेगळे होऊन टाकीच्या तळाशी, म्हणजे नेमके जाळीपाशी, जमतात. महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीला हा धोका अधिक असतो. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांतील यांत्रिक पंपाचा रबरी पडदा इथेनॉलला टिकणारा नसेल, तर तो फुगतो किंवा कडक होऊन फाटतो. फाटलेल्या पडद्यातून पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरू शकते, म्हणून ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नये.

पंप गेलाच नसताना बदलला जाणे हेही वारंवार घडते. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर सुरू होणारी गाडी पंपामुळे तशी वागू शकते, तशीच रिलेतील सुटलेल्या सोल्डरच्या डागामुळे किंवा क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) सेन्सरमुळेही. गाडी बंद पडलेली असतानाच दाबमापक जोडून पाहिला आणि दाब ठीक निघाला, तर पंप निर्दोष आहे. हे काम मोकळ्या हवेत करावे आणि नळी सोडवण्याआधी पंपाचा फ्यूज काढून आतला दाब उतरवावा, कारण इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब टिकून असतो.

निकामी पंप टाकून देण्याआधी पूर्ण कोरडा करून कापून पाहावा. ब्रश पुरते झिजले असतील तर तो वयाने गेला. ब्रश शाबूत आणि आर्मेचरच्या तारा काळ्या पडलेल्या असतील तर तो तापून गेला, म्हणजे कनेक्टर, जाळी आणि फिल्टर तपासायचे. पंपातल्या पेट्रोल ढकलणाऱ्या पंख्याच्या कडेवर चरे असतील आणि जाळीत तांबूस भुकटी असेल, तर टाकी उतरवायची.