हुंडी म्हणजे जुना चेक नव्हे

मोडी वाचता येते हे कळल्यापासून लोक मला घरातल्या जुन्या कागदांचे फोटो पाठवतात. त्यात ठरावीक काळाने एक निरोप येतोच: "पणजोबांचा चेक सापडला, वाचून द्याल का?" कागदाच्या माथ्यावर व्हिक्टोरिया राणीचा ठसा असतो, खाली मोडीच्या दाट ओळी, आणि तो चेक नसतो. ती हुंडी असते, म्हणजे अमुक रक्कम द्यावी असं बहुधा परगावच्या पेढीला सांगणारी चिठ्ठी. घरच्यांचं यात काही चुकत नाही, कारण प्रदर्शनातल्या पाट्यांवर आणि मुलांच्या इतिहासाच्या प्रकल्पांतही "हुंडी म्हणजे त्या काळचा चेक" हेच वाक्य असतं. ते तोंडात बसलंय, म्हणूनच मला ते खटकतं. त्या एका वाक्याने एकोणिसाव्या शतकातला अख्खा बाजार उलटा दिसायला लागतो.

चेक सगळ्यांना माहीत आहे. बँकेत माझं खातं, खात्यात माझे पैसे, त्यातले एवढे अमक्याला द्या असं मी बँकेला लेखी सांगतो. शिल्लक नसेल तर चेक परत येतो. मी देणं लागतो म्हणून चेक फाडतो आणि फाडताना मला कोणी पैसे देत नाही.

हुंडी लिहिणारा मात्र हुंडी हातावेगळी करताना पैसे घेतो. सगळा घोळ इथे होतो, म्हणून जरा थांबून एका गावाचं उदाहरण घेऊ.

वऱ्हाडातलं खामगाव. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयोने इथल्या रेल्वेफाट्याचं उद्घाटन केलं, तेव्हा हे गाव कापसाचा मोठा बाजार म्हणून नावाजलेलं होतं. दिवाळी सरली की कापसाच्या गाड्या लागायच्या. मुंबईच्या पेढ्यांचे अडते तिथे खरेदीला बसलेले. शेतकऱ्याला आणि गाडीवाल्याला कागद नको, रोख चांदीचे रुपये हवेत. अडत्याने ते आणायचे कुठून? १८३५ च्या कायद्याने ठरलेला कंपनीचा रुपया एक तोळा वजनाचा होता आणि राणीचा रुपयाही तेवढाच राहिला. हजार रुपये म्हणजे हजार तोळे, ८० तोळ्यांच्या शेराने साडेबारा शेर. दहा हजारांची खरेदी करायची तर तीन मण पाच शेर चांदी मुंबईहून पहाऱ्यात आणायला हवी. तेवढं ओझं कोण वाहणार?

म्हणून अडत्या गावातल्या सराफाच्या गादीवर जायचा. मुंबईतल्या आपल्या मालकाच्या पेढीवर हुंडी लिहायचा, ती सराफाला विकायचा आणि तिथल्या तिथे रोकड मोजून घ्यायचा. "विकायचा" हा शब्द शब्दशः घ्या.

आता त्याच बाजारातला कापडाचा दुकानदार बघा. तो मँचेस्टरचं कापड मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतो. हंगामात शेतकऱ्याच्या हातात रुपये आले की धोतरं, लुगडी खपतात आणि गल्ल्यात तेच चांदीचे रुपये जमतात. त्याला आता मुंबईचं देणं भागवायचंय. तोही त्याच सराफाकडे येतो, रुपये मोजून देतो आणि मुंबईवरची हुंडी विकत घेतो. अडत्याचीच हुंडी सराफ पाठीवर सही करून त्याला देऊ शकतो, नाहीतर मुंबईतल्या आपल्या आडतीवर नवी लिहून देतो. दुकानदार ती टपालाने मुंबईला पाठवतो. कापडवाल्याचा मुनीम ती घेऊन ज्या पेढीच्या नावावर असेल त्या पेढीवर जातो आणि पैसे घेऊन येतो.

खामगावचे रुपये खामगावातच फिरले आणि मुंबईचे मुंबईत. गाड्यांतून गेला तो कापूस, आलं ते कापड. आणि या सगळ्यात आपल्या पणजोबांनी, म्हणजे दुकानदाराने, हुंडी लिहिलीच नाही. मीठ-तेल घ्यावं तशी ती विकत घेतली.

एकदा हे लक्षात आलं की हुंडणावळ, म्हणजे हुंडीचा दर, हा शब्द आपोआप उलगडतो. चेकला भाव नसतो, हुंडीला असतो. हजार रुपयांच्या चेकची किंमत हजार रुपये, विषय संपला. हजार रुपयांची हुंडी मात्र कधी हजारावर पाच चढे देऊन मिळे, कधी पाच कमी देऊन. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण रीत हीच. कापसाच्या भर हंगामात खामगावात अडत्यांना रोकड हवी असते, मुंबईवरच्या हुंड्यांचा सुकाळ असतो, म्हणून त्या स्वस्त होतात. पावसाळ्यात खरेदी बंद, हुंड्या थोड्या आणि दुकानदारांची देणी तशीच, की भाव चढतो. शहाणा दुकानदार कापडाच्या भावाइतकंच हुंडीच्या भावाकडे लक्ष ठेवून असे. नफा-तोटा तिथेही ठरत होता. चेकबुक हातात घेऊन असा विचार कधी कोणी केलाय का?

कीर्तनात नरसी मेहत्याच्या हुंडीचं आख्यान आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. द्वारकेच्या यात्रेकरूंना वाटेत चोरांची भीती, म्हणून ते नरसीपाशी रुपये देतात आणि त्याच्याकडून द्वारकेच्या सावळ्या शेठवर हुंडी लिहून घेतात. व्यवहार नीट बघा: पैसे यात्रेकरूंचे, लिहिणारा नरसी, देणारा तिसराच. द्वारकेत नरसीचा एक पैसाही जमा नव्हता, होती ती पत. चेकच्या हिशेबात ही गोष्ट सांगताच येत नाही. हुंडीच्या हिशेबात ती कीर्तन ऐकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराला न समजावता कळत होती.

जवळचं उदाहरण हवंच असेल तर चेक सोडा आणि डिमांड ड्राफ्ट घ्या. निदान तो आधी पैसे भरून घ्यावा लागतो. पण तोही पुरता जुळत नाही, कारण हजाराचा ड्राफ्ट नऊशे पंच्याण्णवला कोणतीच बँक देत नाही.

कायदा वाचलेले लोक इथे हमखास अडवतात: १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात चेक हा विनिमयपत्राचाच (बिल ऑफ एक्स्चेंजचाच) प्रकार आहे, मग फरक उरला कुठे? तो अधिनियम पुन्हा उघडा आणि पहिलंच कलम वाचा. देशी भाषेत लिहिलेल्या संलेखांच्या स्थानिक रिवाजाला या कायद्याचा बाध येणार नाही, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. काही लिहिलं नसेल तर बाजाराचा रिवाज लागू, आणि रिवाज नको असेल तर तसं कागदावरच लिहावं लागे. एका साम्राज्याच्या विधिमंडळाने मोडीतल्या आणि मुडिया या महाजनी लिपीतल्या चिठ्ठ्यांपुढे एवढं नमतं घेतलं, याचं मला आजही नवल वाटतं.

त्या रिवाजातला सगळ्यात सुंदर शब्द म्हणजे शहाजोग. हुंडी धनीजोग असेल तर पैसे धन्याला, म्हणजे हुंडीच्या मालकाला, नामजोग असेल तर नाव लिहिलंय त्याला. शहाजोग हुंडीचे पैसे मात्र फक्त "शहा"च्या हाती पडायचे, म्हणजे बाजारात ज्याची पत आहे अशा व्यापाऱ्याच्या. हुंडी पुढे खोटी किंवा चोरीची निघाली तर पैसे नेणाऱ्या शहाने ते व्याजासह परत करायचे, नाहीतर खरा गुन्हेगार आणून उभा करायचा. बेअरर चेक रस्त्यात सापडला तर कोणीही वटवू शकतो. शहाजोग हुंडी सापडलेल्या चोराला आधी एक पतदार शेठ गाठावा लागे, आणि तो शेठ चोराला पहिला प्रश्न विचारी, "ही तुझ्याकडे आली कशी?" ही सोय मला चेकवरच्या दोन तिरप्या रेघांपेक्षा कितीतरी शहाणपणाची वाटते.

बाकीचे फरक दोन ओळींत. दर्शनी हुंडी दाखवताच पटवायची, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी, आणि मुदत मोजायची ती तिथीने. हुंडी हरवली तर तिची पेठ, म्हणजे दुसरी प्रत, मिळे, पेठही हरवली तर परपेठ. पैसे चुकते झालेल्या हुंडीला खोका म्हणत. गुजरात-कच्छच्या बंदरांत जोखमी हुंडी चाले, माल सुखरूप पोचला तरच देणं, म्हणजे विमाही त्याच कागदात. आणि हुंडी म्हणजे हवाला असं बातम्यांत वाचलं की वाईट वाटतं. हुंडी उघड बाजारातला, सरकारी मुद्रांक लागलेला कागद होता, तिच्यावर मुंबईच्या हायकोर्टात रीतसर दावे चालले.

बँका कुठे होत्या मग? बँक ऑफ बॉम्बे १८४० ची. कापसाच्या तेजीतल्या सट्ट्यात बुडून १८६८ मध्ये ती मोडली, त्याच वर्षी नवी उभी राहिली. १८७६ च्या कायद्याने तिला घर-जमिनीवर कर्ज द्यायची बंदी होती, आणि व्यापारी कागदावर दोन वेगवेगळ्या जबाबदार सह्या लागत. खामगावच्या दुकानदाराला ती दारात उभं करणार नव्हती. पण उधारीसाठी त्याने लिहिलेल्या मुदती हुंडीवर सराफाची सही पडली की दुसरी सही झाली, आणि तोच कागद बँक बट्टा कापून घेई. दुकानदार आणि बँक यांच्यामध्ये सराफाची गादी होती. "जुना चेक" म्हटलं की ती गादीच चित्रातून पुसली जाते, म्हणून माझा इतका आग्रह. छोट्या रकमांचं काम पुढे पोस्टाने उचललं. १८८० पासून मनीऑर्डर सुरू झाली.

तेव्हा घरात असा कागद सापडला तर आधी रकमेची ओळ शोधा. रक्कम लिहून पुढे निमी रक्कम आणि "त्याचे दुप्पट" असं असेल, म्हणजे हजारापुढे पाचशेची दुप्पट, तर ती हुंडी. कोणी आकडा खोडून वाढवू नये म्हणून ही तजवीज. मग "येथे ठेविले" किंवा "राखिले" या शब्दांपाशी कोणाचं नाव आहे ते बघा. रुपये मोजून हुंडी घेणारा तो. पणजोबा दुकानदार असतील, तर त्यांचं नाव बहुधा तिथे सापडेल, सहीच्या जागी नाही.