गुन्हेगार कोण, हे ठरवतं कोण? कोल्हापूरच्या हजेरीपासून

कुठं घरफोडी झाली की आपल्याकडं पहिला प्रश्न काय येतो, "कुठल्या वस्तीतला हाय?" हे डोक्यात बसलंय ते आजचं नव्हे. 1871 ला इंग्रजांनी क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला आणि अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या, काल जन्मलेलं पोरगंसुद्धा. 1911 च्या कायद्यानं हे सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरलं. तिकडं युरोपात पण तसलंच वारं, 1876 ला इटलीतला लोम्ब्रोसो कवटी-जबडा मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो म्हणत होता.

समाजशास्त्रवाल्यांनी मग माणूस सोडून समाजाकडं बघायला सुरुवात केली. फ्रान्सचा द्यूरकेम 1895 ला म्हणाला की गुन्हा नाही असा समाजच नसतो. अमेरिकेत मर्टननं 1938 ला मांडलं की श्रीमंत व्हायचं स्वप्न सगळ्यांना दाखवायचं आणि सरळ वाट मात्र थोड्यांनाच मोकळी, मग बाकीच्यातले काहीजण आडवाटेला लागणारच. सदरलँडनं 1939 ला सूटबूटवाल्या साहेबांचे गुन्हे बाहेर काढले, ते बरं केलं, नाहीतर सगळा अभ्यास गरिबांवरच चाललेला.

पण मला पटतो तो 1963 चा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बेकर. त्याचं म्हणणं, एखादं काम गुन्हा आहे की नाही हे नियम करणारे ठरवतात, आणि एकदा शिक्का बसला की लोक माणसाला तसंच वागवतात.

आता आपल्या कोल्हापूर संस्थानातली हजेरी बघा. महार, मांग, रामोशी, बेरड ह्या लोकांनी रोज गावकामगारासमोर उभं राहायचं, चोरी केलेली असो नसो. परगावी कामाला जायचं तर कसं जाणार? नाही गेलं तर खाणार काय? आणि हजेरी चुकली की तोच गुन्हा! म्हणजे गुन्हेगार तयार करायची सोय सरकारनंच करून ठेवलेली. शाहू महाराजांनी 1918 ला संस्थानात ही हजेरी बंद केली, फासेपारध्यांना काम दिलं, कोल्हापूरजवळ सोनतळीला वसवलं, ज्यांना लोक चोर म्हणायचे त्यांनाच पहाऱ्यावर ठेवलं. बेकरच्या पंचेचाळीस वर्षं आधी, आणि कुठली थिअरी न वाचता.

देशभरातून तो कायदा गेला 31 ऑगस्ट 1952 ला, त्या जमाती कागदावर विमुक्त झाल्या. पण त्याच्या जागी राज्याराज्यात सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि पोलिसांची पहिली फेरी बऱ्याच ठिकाणी त्याच वस्त्यांवर जात राहिली.