उमय्यद वाळवंटी महाल

उमय्यद या अरब घराण्याच्या खिलाफतीच्या काळात (661–750) आजच्या जॉर्डन, सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन व इस्राएल या प्रदेशांत खलिफांनी, राजपुत्रांनी आणि दरबारातल्या बड्या मंडळींनी बांधलेले महाल, हमाम म्हणजे स्नानगृहे, मशिदी आणि त्यांच्याभोवतीची शेतीवाडी यांना मिळून हे नाव दिले जाते. इस्लामी जगातल्या राजवाड्यांचे जे सर्वांत जुने नमुने आज डोळ्यांनी पाहता येतात, ते बहुतेक याच गटातले. राजधानी दमास्कसमध्ये पहिला उमय्यद खलिफा मुआविया याचा ‘खद्रा’ म्हणजे हिरवा महाल मोठ्या मशिदीला लागून होता, पण त्याचे काहीच उरले नाही. वस्तीपासून दूर बांधलेले मात्र टिकले. शहरात पडक्या वाड्याचे दगड शेजारची घरे घेऊन जातात. ओसाड माळावर ते न्यायला कोणी नव्हते.

नावाचा घोळ

‘वाळवंटी किल्ले’ हे युरोपीय प्रवाशांनी रूढ केलेले नाव अजून प्रवासी पुस्तिकांत चालते. ते दोन्ही टोकांनी फसवे आहे. अरबी ‘कस्र’ हा शब्द लॅटिन ‘कास्त्रुम’ म्हणजे लष्करी तळ यावरून आला असला, तरी अरबीत त्याचा अर्थ महाल किंवा मोठा वाडा असा झाला. ‘कुसैर’ हे त्याचेच लघुरूप, म्हणजे छोटा महाल. या इमारतींना अर्धगोल बुरूज आहेत, पण त्यांतले बरेचसे आतून भरीव आहेत आणि शोभेपलीकडे त्यांचा लढाईत फारसा उपयोग नाही. कस्र खराना हे याचे ठळक उदाहरण. दुरून पाहिले तर ही दुमजली चौकोनी इमारत अस्सल गढी वाटते. भिंतींतल्या अरुंद फटी बाण मारण्यासाठी असाव्यात असे वाटते. आत गेल्यावर कळते की त्या इतक्या उंचावर आहेत की तिथे धनुर्धारी उभाच राहू शकणार नाही. त्या हवेसाठी आणि उजेडासाठी आहेत. वरच्या मजल्यावर शाईने लिहिलेल्या मजकुरावर 710 सालची तारीख आहे, म्हणजे इमारत त्यापूर्वीची.

‘वाळवंट’ हा शब्दही सगळीकडे लागू पडत नाही. यातली बरीच ठिकाणे ‘बादिया’त, म्हणजे शेती आणि भटक्या पशुपालकांचा मुलूख जिथे एकमेकांना भिडतात त्या कोरड्या गवताळ पट्ट्यात आहेत. खिर्बत अल-मफ्जर जेरिकोच्या बागायती खोऱ्यात आहे, तर खिर्बत अल-मिन्या चक्क गॅलिलीच्या सरोवराकाठी. ‘खिर्बत’ म्हणजे पडझड झालेली जागा. मराठीत फारसीमार्गे आलेला ‘खराब’ याच धातूचा. थोडक्यात, यातली कित्येक नावे महाल मोडल्यानंतर पडली आहेत. बांधणारे त्यांना काय म्हणत, ते फार थोड्या ठिकाणी कळते.

कशासाठी बांधले?

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंरी लामेन्स या बेल्जियन जेझुइट अभ्यासकाने मांडले की, मुळात वाळवंटातले असलेले अरब राजपुत्र शहराला कंटाळून मोकळ्या हवेत परतत होते. चित्र मोहक आहे आणि म्हणूनच ते फार काळ टिकले. पुढे झाँ सोव्हाजे या फ्रेंच इतिहासकाराने इमारतींऐवजी त्यांच्या भोवतालाकडे पाहिले. तिथे त्याला बांध, पाट, हौद, तेलाचे घाणे आणि कुंपण घातलेल्या बागा दिसल्या. त्याच्या मते ही शेतीची ठाणी होती. आज कुठल्याही एका कारणावर कोणी अडून बसत नाही. शिकार, जमिनीचे उत्पन्न, उन्हाळ्यात शहरात पसरणाऱ्या प्लेगपासून बचाव, प्रवासातला मुक्काम अशी कारणे ठिकाणागणिक बदलतात. राजकीय कारण मात्र सगळ्यांत वजनदार वाटते. उमय्यदांची सत्ता सीरियातल्या अरब टोळ्यांच्या पाठिंब्यावर उभी होती, आणि टोळीच्या शेखला भेटायचे तर त्याच्या चराऊ रानाजवळच दरबार भरवणे शहाणपणाचे होते.

पश्चिमेचा कस्र अल-हैर (727) पाण्याची ही बाजू नीट दाखवतो. सीरियातल्या पालमायराच्या नैर्ऋत्येला असलेल्या या महालाला सोळा-सतरा किलोमीटरवरच्या हरबका धरणातून पाणी येत असे. बाग, सराई, हमाम, गिरणी सगळे त्या एका पाटावर. पूर्वेकडच्या कस्र अल-हैरच्या 728–29 सालच्या शिलालेखात तर त्या वस्तीला ‘मदीना’, म्हणजे शहर म्हटले आहे, आणि बांधणारे होम्सचे लोक होते असे नोंदवले आहे. दोन्ही बांधकामे खलिफा हिशामच्या (724–743) कारकिर्दीतली.

मांडणी

नमुनेदार महाल चौरस असतो. एकच देवडी, मध्ये उघडा चौक, चौकाभोवती ओवऱ्या आणि त्यांच्यामागे खोल्यांचे गट. एक मोठे दालन व त्याच्या दोन्ही बाजूंना खोल्या अशा गटाला ‘बैत’ म्हणतात. बहुधा एका कुटुंबाचा किंवा एका पाहुण्याच्या लवाजम्याचा मुक्काम एका बैतमध्ये असे. घराने रस्त्याकडे पाठ करून चौकाकडे तोंड करायचे, ही गोष्ट मराठी वाड्यात वावरलेल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. बाहेरचा आराखडा रोमन सरहद्दीवरच्या ठाण्यांचा आहे, आतल्या विटांच्या कमानी आणि चुनेगच्चीचे काम इराण-इराकच्या वळणाचे. काही ठिकाणी तर जुने ठाणेच वापरले. कस्र अल-हल्लाबात हे मूळचे रोमन ठाणे. तिथे बायझंटाईन सम्राट अनास्तासियसचा हुकूमनामा कोरलेले काळे दगड उमय्यद गवंड्यांनी साध्या बांधकामाच्या दगडांसारखे भिंतीत बसवले आणि वरून गिलावा केला.

कुसैर अम्रा

अम्मानच्या पूर्वेला सुमारे 85 किलोमीटरवर एका कोरड्या ओढ्याकाठी तीन कमानी छपरांचे एक दालन, त्याला जोडून लहानसा हमाम, बाहेर खोल विहीर आणि जनावराने फिरवायचा रहाट एवढेच आज दिसते. आकाराने ही इमारत किरकोळ आहे. पण आत शिरल्यावर भिंती, कमानी, छत, एकही जागा रिकामी नाही.

रानगाढवांना दोरांच्या आणि जाळ्यांच्या सापळ्यात हाकणारे शिकारी, कुस्तीगीर, स्नान करणाऱ्या स्त्रिया, वादक, नर्तकी. एका छतावर लहान चौकटींत दगड फोडणारे, सुतार, उंटावरून माल वाहणारे कारागीर आहेत. महाल बांधणाऱ्यांनी महालातच स्वतःला जागा करून घेतली असे म्हणावेसे वाटते. कपडे बदलण्याच्या खोलीच्या छतावर एक अस्वल तंतुवाद्य वाजवत बसले आहे आणि समोर माकड टाळ्या वाजवते आहे. दुसरीकडे काव्य, इतिहास आणि चिंतन यांच्या मूर्तिमंत आकृत्या, नावे ग्रीक लिपीत. गरम पाण्याच्या खोलीच्या घुमटावर राशी आणि नक्षत्रांचे आकाश रंगवले आहे. घुमटावर काढलेल्या खगोलाचे इतके जुने दुसरे उदाहरण शिल्लक नाही. नक्षत्रांचा क्रम मात्र उलटा पडला आहे. चित्रकाराने तो आकाशाकडे पाहून न काढता गोलावर काढलेल्या नकाशावरून उतरवला असावा, असे अभ्यासकांना वाटते.

सर्वांत जास्त शाई खर्च झाली ती ‘सहा राजे’ या चित्रावर. भरजरी वस्त्रांतले सहा पुरुष एका दिशेने हात पुढे करून उभे आहेत. चौघांची नावे ग्रीक व अरबी अशा दोन्ही लिप्यांत वाचता आली: बायझंटाईन कैसर, स्पेनचा व्हिसिगॉथ राजा रोडेरिक, इराणचा किस्रा आणि हबशी देशाचा नजाशी. उरलेले दोघे चीनचे आणि तुर्कांचे किंवा हिंदुस्थानचे असावेत असा तर्क आहे. हे राजे शरण आले आहेत, की नव्या सत्तेचे आपल्या कुळात स्वागत करीत आहेत? आविर्भाव पाहता दुसरे उत्तर अधिक पटते, कारण कोणाच्याही मानेत पराभव दिसत नाही. रोडेरिक 711 च्या सुमारास अरबांशी लढताना पडला, म्हणून चित्र त्याच काळातले किंवा नंतरचे, एवढेच शंभर वर्षे म्हणता येत होते. 2012 मध्ये भिंतीची सफाई चालू असताना अरबी मजकूर उजेडात आला आणि त्यात वलीद इब्न यझीदचे नाव निघाले. हा पुढे खलिफा झालेला दुसरा वलीद (743–744). इमारत त्याच्या राजपुत्रपणीची आहे.

युरोपीय विद्वानांना ही वास्तू माहीत करून दिली ती चेक धर्मगुरू व प्राच्यविद्यापंडित आलोइस मुसिलने, 1898 मध्ये. चित्रकार मीलिखला बरोबर घेऊन तो पुन्हा आला, आणि 1907 मध्ये व्हिएन्नाहून चित्रांसह ग्रंथ निघाला. याच मंडळींनी काही चित्रे भिंतीवरून सोडवून नेण्याचा प्रयत्न केला आणि त्यात सहा राजांचे चित्र कायमचे जायबंदी झाले. 1970 च्या दशकातल्या स्पॅनिश दुरुस्तीने इमारत सावरली, पण पुसट आकृत्यांवर नव्या रेषाही ओढल्या. नंतरच्या इटालियन व जॉर्डेनियन तज्ज्ञांना आधी ती भर उतरवावी लागली. 1985 पासून कुसैर अम्रा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

जिवंत आकृत्यांचा प्रश्न

इस्लाममध्ये माणसांची चित्रे काढत नाहीत, हे सरसकट विधान या महालांत टिकत नाही. जेरुसलेमचा ‘खडकावरचा घुमट’ (691–92) आणि दमास्कसची मशीद यांच्या मोझेकमध्ये झाडे, नद्या, घरे, दागिने आहेत, एकही प्राणी नाही. त्याच घराण्याच्या खासगी दालनांत मात्र माणसे आणि पशू मोकळेपणी वावरतात. म्हणजे भेद जागेचा होता. पश्चिमेच्या कस्र अल-हैरमध्ये जमिनीवरची दोन मोठी चित्रे सापडली. एकीत गळ्याभोवती साप असलेली, ओच्यात फळे धरलेली भूदेवता आहे, ती सरळ ग्रीक परंपरेतली. दुसरीत घोड्यावरून बाण सोडणारा शिकारी आहे, तो इस्लामपूर्व इराणच्या ससानी घराण्याच्या चांदीच्या ताटांवरून उतरल्यासारखा. दोन साम्राज्यांच्या कला एकाच मालकाच्या घरी, एकमेकींत न मिसळता, शेजारी नांदत होत्या.

मफ्जर आणि मुशत्ता

जेरिकोजवळच्या खिर्बत अल-मफ्जरचे उत्खनन 1930 व 1940 च्या दशकांत पॅलेस्टिनी पुरातत्त्वज्ञ दिमित्री बरामकी आणि ब्रिटिश रॉबर्ट हॅमिल्टन यांनी केले. हिशामचे नाव असलेला मजकूर तिथे मिळाल्याने ‘हिशामचा महाल’ हे नाव पडले, जरी हॅमिल्टनने तो छांदिष्ट पुतण्या वलीदचा मानला. वलीदच्या मद्याच्या आणि गाण्याच्या गोष्टी अरबी साहित्यात भरपूर आहेत. त्या बहुतेक त्याच्या घराण्याचा पाडाव करणाऱ्यांच्या काळात लिहिल्या गेल्या, हे विसरून चालत नाही. इथल्या हमामच्या दालनाची जमीन 38 मोझेक गालिच्यांनी भरलेली असून ती आठशे चौरस मीटरहून मोठी आहे. बाजूच्या छोट्या बैठकीत फळांनी लगडलेले एक झाड आहे. डावीकडे दोन हरणे निवांत चरताहेत, उजवीकडे सिंहाने तिसऱ्या हरणावर झेप घेतली आहे. 749 च्या भूकंपाने महाल जमीनदोस्त केला, आणि पडलेल्या ढिगाऱ्यानेच ही जमीन जपली.

मुशत्ता अम्मानच्या दक्षिणेला, आजच्या विमानतळाशेजारी आहे. 144 मीटर बाजूचा चौरस आखला, पण आतला मधला पट्टाच उभा राहिला, तोही अपुरा. सर्व वैभव दर्शनी भिंतीवर एकवटले होते. नागमोडी पट्टीने पाडलेले त्रिकोण, प्रत्येकात एक मोठे कमळफूल आणि भोवती दगडात इतकी बारीक कोरलेली द्राक्षवेल की दगड झिरझिरीत वाटावा. दाराच्या डाव्या बाजूच्या वेलींत सिंह, पक्षी, काल्पनिक पशू पाणी पिताना दिसतात. उजव्या बाजूला एकही प्राणी नाही, कारण त्या भिंतीच्या मागे मशीद होती.

हे सारे वेठीच्या मजुरांच्या आणि करदात्यांच्या जिवावर चालले होते, आणि लोकांना ते कळत होते. 744 मध्ये दुसऱ्या वलीदला मारून गादीवर आलेल्या तिसऱ्या यझीदने पहिल्याच भाषणात वचन दिले की आपण दगडावर दगड आणि विटेवर वीट ठेवणार नाही, कालवे खोदणार नाही. राज्यारोहणाच्या वेळी बांधकाम न करण्याची शपथ घ्यावी लागावी, यावरून रोष किती होता ते कळते. सहा वर्षांत घराणेच संपले.

पुढचा धागा

उमय्यदांना हटवून अब्बासी घराणे आल्यावर सत्तेचे केंद्र इराककडे गेले. बगदाद (762) आणि सामर्रा (836) इथले महाल मैलोगणती पसरलेले होते आणि कच्च्या विटांचे होते, म्हणून त्यांचे फार थोडे उरले. उखैदिर हा इराकी वाळवंटातला अवाढव्य महाल त्यातल्या त्यात धड आहे. सामर्राच्या भिंतींवरची तिरप्या कापाची चुनेगच्ची नक्षी पुढे इजिप्तपर्यंत पोचली. दुसरीकडे, अब्बासींनी केलेल्या उमय्यदांच्या कत्तलीतून निसटलेला हिशामचा नातू अब्दुर्रहमान स्पेनमध्ये कोर्दोबाचा अमीर झाला आणि त्याने शहराबाहेरच्या आपल्या बागेतल्या महालाला आजोबांच्या सीरियातल्या मुक्कामाचे नाव दिले: रुसाफा. त्याच्या वंशजाने 936 मध्ये सुरू केलेल्या मदीनत अझ-झहराचे अवशेष 2018 पासून जागतिक वारसा आहेत.

विखुरलेला वारसा

मुशत्ताची दर्शनी भिंत मुशत्तात नाही. 1903 मध्ये उस्मानी सुलतान दुसऱ्या अब्दुल हमीदने ती जर्मन कैसर दुसऱ्या विल्हेल्मला भेट दिली. पेट्यांत भरून ती बर्लिनला गेली, 1932 पासून पेर्गामॉन संग्रहालयात उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बफेकीत तिचा काही भाग गेला. भेट दिली त्या सुमारास दमास्कस ते मदिना या हिजाझ रेल्वेचे काम जवळून चालले होते आणि भिंतीचे दगड रुळांच्या कामी जातील अशी भीती होती, हे नेणाऱ्यांचे समर्थन. ते अगदीच खोटे नव्हते, पण बाकीचा महाल जागेवर राहिलाच. पश्चिमेच्या कस्र अल-हैरची देवडी तुकडे जुळवून दमास्कसच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे प्रवेशद्वार म्हणून उभी केली आहे. मफ्जरच्या चुनेगच्चीच्या मूर्ती, त्यात दोन सिंहांवर उभा असलेला खलिफासुद्धा, जेरुसलेमच्या रॉकफेलर संग्रहालयात आहेत. जेरिकोच्या बहुतेक रहिवाशांना तिथे जायचे तर इस्राएली परवाना लागतो. मफ्जरचा मोझेक मात्र हलला नाही. उन्हापावसापासून वाचवण्यासाठी तो कित्येक वर्षे वाळूखाली झाकून ठेवला होता. जपानच्या मदतीने वर मोठा घुमटाकार मांडव उभारल्यावर, ऑक्टोबर 2021 मध्ये, त्यावरची वाळू कायमची काढली.