१७ सप्टेंबर कुठून आला? विश्वकर्मा पूजेची पार्श्वभूमी

भोसरी, चाकण, तळेगावच्या कारखान्यांच्या शेडमध्ये १७ सप्टेंबरची विश्वकर्मा पूजा आता इतकी रुळली आहे, की नव्याने रुजू झालेल्या सुपरवायझरला ती इथलीच जुनी प्रथा वाटते. पुण्याच्या वर्कशॉपांचा मूळ सण खंडेनवमी. विश्वकर्मा जयंती इथेही होती, पण ती माघ शुद्ध त्रयोदशीला, आणि ती सुतार-लोहार-पांचाळ समाजाच्या देवळापुरती. वाद आहे तो १७ सप्टेंबर या तारखेचा.

ऋग्वेदाच्या १०व्या मंडलात ८१ आणि ८२ ही दोन सूक्ते विश्वकर्म्याची आहेत. पृथ्वी आणि आकाश ज्यातून तासून काढले ते लाकूड कोणते, तो वृक्ष कोणता, असा प्रश्न तिथे विचारला आहे. म्हणजे सुतारकी आहे, पण विश्वाची. इंद्राचे वज्र घडवणारा मात्र त्वष्टा. पुढे पुराणांत दोघांची सरमिसळ झाली आणि लंका-द्वारका विश्वकर्म्याच्या खात्यावर जमा झाल्या. मनू, मय, त्वष्टा, शिल्पी आणि दैवज्ञ हे त्याचे पाच मुलगे, आणि लोहार, सुतार, तांबट-कासार, पाथरवट व सोनार हे त्यांचे वंशज, ही कथा पांचाळांच्या घरात आजही सांगतात.

आपल्याकडचा सगळ्यात गमतीचा पुरावा वेरूळचा. तिथले १० क्रमांकाचे लेणे बौद्ध चैत्यगृह आहे, पण लोकांत त्याचे नाव ‘विश्वकर्मा’ किंवा ‘सुताराची झोपडी’. छताला दगडातच लाकडी फासळ्या कोरल्या आहेत. सुतार तिथे येत आणि पाय खाली सोडून बसलेल्या बुद्धालाच विश्वकर्मा समजून हात जोडत.

पुण्यात या देवाच्या वंशावळीवरून राजकारणही झाले. विश्वकर्म्याचे वंशज म्हणून ब्राह्मणी आचारावर हक्क सांगणाऱ्या सोनारांनी ‘नमस्कार’ हे तेव्हा ब्राह्मणांचे मानलेले अभिवादन वापरावे की नाही, यासाठी पेशव्यांनी मुंबईच्या कंपनी सरकारला एकदा नव्हे, अनेकदा पत्रे लिहिली. ९ ऑगस्ट १७७९ रोजी कंपनीने सोनारांना मनाईचा ठराव केला. इकडे दरबाराला भांडी, तोफा, दागिने, सगळे याच हातांचे हवे होते. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची आळी कसब्यात अजून आहे. तिथे मठारकाम चालते. भांडे तयार झाल्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीत ठोके द्यायचे. त्याने पत्रा कडक होतो आणि चकाकीही येते. एक ठोका तिरका बसला तर उजेडात धरल्यावर लगेच दिसतो.

१९६०च्या दशकात पिंपरी-चिंचवडला एमआयडीसी उभी राहिली तेव्हा आळीतली खंडेनवमी कारखान्यात गेली. आदल्या दिवशी मशीन रॉकेलने पुसायचे, लेथच्या चकला, म्हणजे काम पकडून फिरणाऱ्या भागाला, झेंडूची माळ, व्हर्निअर, मायक्रोमीटर ही मापाची साधने आणि नट-बोल्टचे पाने पाटावर मांडायचे. कितीही पुसले तरी मशीनच्या तेलकट बेडवर हळदी-कुंकू पसरतेच. त्या दिवशी स्विच कोणी लावत नाही. भिंतीवर तसबीर असलीच तर पांढऱ्या दाढीचा, शेजारी हंस असलेला म्हातारा विश्वकर्मा.

१७ सप्टेंबर आला तो दोन वाटांनी. एक वाट बंगाल, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची. त्यांचा विश्वकर्मा तरुण, मिशीवाला, हत्तीवर बसलेला. तिकडे ही पूजा कन्या संक्रांतीची, म्हणजे सूर्य कन्या राशीत शिरतो त्या दिवसाची, आणि सौर तिथी असल्यामुळे इंग्रजी तारीख जवळजवळ हलत नाही. वर्षाची सुट्ट्यांची यादी जानेवारीत लावणाऱ्या एचआर खात्याला याहून सोयीचा देव मिळणे कठीण. दुसरी वाट कामगार चळवळीची. १ मे हा परकीय विचारांचा दिवस, असे मानणाऱ्या एका देशव्यापी कामगार संघटनेने विश्वकर्मा जयंती हाच राष्ट्रीय श्रम दिवस ठरवला आणि त्यासाठी १७ सप्टेंबर धरला. माघातली त्रयोदशी सोडून हीच तारीख का, तर ती उत्तर आणि पूर्व भारतात चालत होती. पंजाबात दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पुजतात, तोही पर्याय मागे पडला. महाराष्ट्रात १ मे हा १९६०पासून राज्याचाही दिवस असल्याने तो इथे कधी सुटलाच नाही.

या निर्णयात महाराष्ट्राची अडचण कोणी पाहिलेली दिसत नाही. आपल्या पंचांगात कन्या संक्रांत ज्या चांद्रमासात येते तोच भाद्रपद. म्हणजे ही पूजा एक तर गणपतीच्या पंधरवड्यात येणार, नाही तर पितृपक्षात. तिसरा पर्याय नाही. २०२० साली १७ सप्टेंबरला सर्वपित्री अमावस्या होती. २०२४ साली त्याच दिवशी अनंत चतुर्दशी. पुण्यात विसर्जनाच्या दिवशी मशीनसमोर थांबणार कोण? २०२५ साली पुन्हा पितृपक्ष. पितृपक्षात साधे ड्रिल मशीन विकत न घेणारा मालक नव्या अवजारांची पूजा मनापासून करील, ही अपेक्षाच चुकीची. त्यामुळे बऱ्याच शेडमध्ये १७ तारखेला परप्रांतीय कामगारांची पूजा आणि प्रसाद होतो, नवी खरेदी आणि मालकाच्या घरची पूजा दसऱ्याला. काही ठिकाणी दोन्ही दिवस अर्धी शिफ्ट जाते आणि ठेकेदार कुरकुरतात.

तारखेवर सरकारी शिक्का बसला तो २०२३ साली. कारागिरांसाठीची केंद्राची योजना विश्वकर्म्याच्या नावाने १७ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी सुरू झाली. त्या दिवशी पंतप्रधानांचा वाढदिवसही असतो, हे विरोधकांनी बोलून दाखवले. १३,००० कोटींची तरतूद, अवजारांसाठी १५,००० रुपये, ५ टक्के व्याजाने आधी १ लाख आणि मग २ लाखांचे कर्ज, असा आराखडा. यादीत १८ धंदे आहेत. सुतार, लोहार, सोनार, पाथरवट आहेत, शिवाय न्हावी, धोबी, शिंपी, हार विणणारे आणि मासेमारीची जाळी करणारेही आहेत. चाकणचा सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, ऑपरेटर त्यात नाही, कारण योजना हाताने चालणाऱ्या पारंपरिक धंद्यांची आहे. पण विश्वकर्म्याच्या पाच मुलांपैकी त्वष्ट्याचा, म्हणजे तांब्या-पितळेचा धंदाही त्या १८मध्ये वेगळा धरलेला नाही.