जोगप्पा (आणि पडद्यावरचं त्याचं चित्रण)

सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेला (म्हणजे वाहिलेला), साडी नेसणारा पुरुष म्हणजे जोगप्पा. बेळगाव, निपाणी, खानापूरकडं मराठीत त्याला जोगताच म्हणतात आणि घोळ तिथंच होतो, कारण गळ्यात माळ घातलेला पण धोतर नेसणारा पण जोगताच.

प्रथा कधीची यावर एकमत नाही. यल्लम्माच्या डोंगरावर सांगतात ती गोष्ट अशी, जमदग्नीनं पोरांना त्यांच्या आईला, रेणुकेला म्हणजेच यल्लम्माला, मारायला सांगितलं, मोठ्या पोरांनी नकार दिला, बापानं शाप दिला की तुमचं पुरुषत्व जाईल, मग ती पोरं आईचं लुगडं नेसून तिचीच सेवा करू लागली, तेच पहिले जोगप्पा. पण महाभारताच्या वनपर्वात शाप आहे तो बुद्धी जाऊन पशुपक्ष्यांसारखं जड होण्याचा, षंढत्वाचा तिथं विषयच नाही. म्हणजे स्त्रीवेशाची चाल आधीची आणि गोष्ट मागाहून तिला बेतून घेतली, हे मत जास्त पटण्यासारखं आहे. हिजडा आणि जोगप्पा एक नव्हेत, जोगप्पात सहसा निर्वाण म्हणजे लिंगच्छेद नसतो.

मराठी पडद्यावर जोगता ठळक आला तो 'जोगवा' (2009) मध्ये, त्यासाठी उपेंद्र लिमयेंना राष्ट्रीय पुरस्कार पण मिळाला. सिनेमा चांगलाच आहे, पण त्यातला तायप्पा जबरदस्तीनं साडीत घातलेला, जोगतिणीवर (देवीला सोडलेल्या बाईवर) जीव जडलेला, त्यामुळं सगळा ओढा त्याच्यातला पुरुष परत मिळण्याकडं. ज्याला साडीच आपली वाटते त्याची सुटका यात कुठं बसते? कन्नडमधला 'नानु अवनल्ल अवळु' (2015) त्या बाजूनं पुढं गेला, तिथं बाई होणं हीच सुटका, पण भूमिका केली संचारी विजय या पुरुष नटानंच. त्यापेक्षा 2021 ला पद्मश्री घेताना साडी नेसणाऱ्या जोगती लोककलावंत मंजम्मा जोगतींनी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली तो छोटा व्हिडिओ मोकळा वाटतो, कारण त्यात जोगतीच दिसते, तिच्या पद्धतीनं. बाकी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात साडीतला गडी हसण्यापुरताच.

'क्विअर' (बाई-पुरुषाच्या रूढ चौकटीत न बसणारा) हा शब्द इकडं मोबाईलवरून आला, डोंगरावर चौंडकं वाजवणाऱ्याला तो लागू करावा का यावर अभ्यासकांत दोन गट आहेत. कायद्याचं म्हणाल तर कर्नाटकाचा 1982 चा देवदासी बंदी कायदा बाईला देवाला सोडण्यापुरताच बोलतो, सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी ओळख मान्य केली 2014 ला आणि समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध 2018 ला वगळले.