डेल्फ्ट मृत्पात्री

नेदर्लंड्समधील हेग व रॉटरडॅम यांच्या दरम्यानच्या डेल्फ्ट शहरात सतराव्या शतकापासून बनत आलेली, पांढऱ्या झिलईवर निळी चित्रे असलेली मातीची भांडी. त्या काळी त्यांना ‘पोर्सेलेन’ (चिनी मातीची टणक भांडी) म्हणत. प्रत्यक्षात ती सच्छिद्र मातीची, कथिलाच्या झिलईने झाकलेली असत.

ही झिलई पश्चिम आशियातून स्पेन व इटलीमार्गे सोळाव्या शतकाच्या आरंभी अँटवर्पला पोहोचली. १५८५ मध्ये ते शहर स्पॅनिश सत्तेकडे गेल्यावर अनेक कारागीर उत्तरेकडे आले. मात्र धंदा डेल्फ्टमध्येच का फोफावला, याविषयी मतभेद आहेत. १६५४ च्या दारूगोळ्याच्या स्फोटानंतर बिअरचे ओस पडलेले कारखाने कुंभारांना मिळाले, असे पूर्वी सांगत. पण बिअरच्या धंद्याला उतरती कळा आधीच लागली होती. १६४४ मध्ये चीनमधील मिंग सत्ता कोसळली आणि चिनी पोर्सेलेनची आवक आटली, हे कारण अधिक पटते. रिकाम्या इमारतींनी जागेची सोय केली, इतकेच.

स्थानिक मातीत बेल्जियममधील टूर्नेची चुनामिश्रित माती व ऱ्हाईन नदीकडची माती मिसळत. चुना कमी पडला, तर थंड होताना झिलई मातीपेक्षा अधिक आकसते आणि तिला बारीक तडे जातात. पहिल्या भाजणीनंतर भांडे कथिल, शिसे व वाळूच्या पातळ झिलईत बुडवत. भांडे पाणी शोषून घेते व वर पांढरी भुकटी उरते. रांगोळीच्या छिद्रांच्या कागदासारख्या कागदावरून कोळशाची पूड टिपून आराखडा उमटवत; कोळसा भट्टीत जळून जाई. निळा रंग देणाऱ्या कोबाल्टची रेघ कच्ची झिलई तत्क्षणी शोषते, त्यामुळे चूक पुसता येत नाही. शेवटी ‘क्वार्ट’ ही पारदर्शक शिशाची झिलई शिंपडत. चिनी भांड्यांसारखी चकाकी येते ती तिच्यामुळेच. बंद मातीच्या डब्यांत थाळ्या खुंट्यांवर टेकवत. म्हणून जुनी थाळी पाहताना ती उलटून तीन टोचण्यांचे व्रण शोधावेत. काठावर झिलईचे टवके उडालेले असणे हेही स्वाभाविक आहे.

‘डेल्फ्ट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भिंतीवरच्या फरशा बहुतांशी रॉटरडॅम, उट्रेख्त, हार्लिंगेन येथे बनल्या.

अठराव्या शतकात जर्मनीतील माइसेनचे खरे पोर्सेलेन व पुढे इंग्लंडमधील स्टॅफर्डशरची स्वस्त, टणक भांडी आल्याने कारखाने मिटत गेले. १६५३ मध्ये स्थापन झालेला ‘द पोर्सेलेइना फ्लेस’ टिकला. १८७६ मध्ये योस्ट थोफ्ट यांनी तो घेऊन इंग्लिश पद्धतीची पांढरी माती आणली. तेथे काळा दिसणारा कोबाल्टचा रंग पारदर्शक झिलईखाली भाजला जातो व भट्टीतून निळा होऊन निघतो.