मॉन्टे बेल्लो (वाइन)

मॉन्टे बेल्लो : अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सांताक्रूझ पर्वतरांगेत, मॉन्टे बेल्लो नावाच्या डोंगरधारेवर पिकणाऱ्या द्राक्षांपासून तयार होणारी उंची लाल वाइन. ‘रिज व्हिनयार्ड्‌स’ ही संस्था ती बनवते. मूळ इटालियन नावाचा अर्थ ‘सुंदर डोंगर’ असा असून संस्थेच्या नावातील ‘रिज’ म्हणजे डोंगराची धार; त्यामुळे बाटलीवरची दोन्ही नावे जागेचीच आहेत, माणसाचे एकही नाही. या वाइनमध्ये कॅबरने सोव्हिन्यॉं हे मुख्य वाण असते. बहुतेक वर्षी त्याचे प्रमाण साधारण दोन तृतीयांश ते चार पंचमांश राहते आणि उरलेला भाग मर्लो, पेटी व्हर्डो व कॅबरने फ्रांक यांनी भरला जातो. हे मिश्रण फ्रान्समधील बोर्दो प्रांताच्या धर्तीचे असले तरी चव मात्र बोर्दोची नक्कल म्हणता येत नाही.

डोंगर व हवामान : सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेस, क्युपर्टिनो शहराच्या माथ्यावर ही धार उभी आहे. बागा सुमारे ४०० मी. पासून ८०० मी. च्या थोड्या वरपर्यंत टप्प्याटप्प्याने चढत जातात आणि पॅसिफिक महासागर तेथून सरळ रेषेत अवघा २४ किमी. च्या आसपास आहे. खालच्या खोऱ्यात जगातील बड्या संगणक कंपन्यांची कार्यालये आहेत आणि क्युपर्टिनो, सनीव्हेल या गावांत मराठी अभियंत्यांची कितीतरी बिऱ्हाडे आहेत. त्यांच्या घरांवरून दिसणाऱ्या डोंगराच्या माथ्यावर ही वेल उभी आहे.

नुसती उंची पाहिली तर ती नाशिकच्या पठाराहून फार वेगळी नाही. फरक पडतो तो अक्षांशाचा आणि थंड समुद्राचा. नाशिक २० अंश उत्तरेस, तर मॉन्टे बेल्लो ३७ अंशांच्या पुढे. नाशिकला वेलीला खरी हिवाळी झोप मिळत नाही, म्हणून शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी अशा दोन छाटण्या घेऊन तिचे वर्ष आपल्या हाताने आखतो आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्च या काळात उतरवतो. मॉन्टे बेल्लोवर वेल थंडीत पाने गाळून आपोआप झोपते, छाटणी हिवाळ्यात एकदाच होते, पाऊस जवळजवळ सगळा हिवाळ्यातच पडतो आणि काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येते. उन्हाळ्यात समुद्रावरून येणारे धुके खोऱ्यात साचते आणि वरच्या बागा त्याच्याही वर उन्हात राहतात. मात्र समुद्राचा गारवा तेथेही पोहोचत असल्याने दिवस फारसे तापत नाहीत. परिणामी मण्यात साखर सावकाश भरते, आम्लता टिकून राहते आणि वाइनमधील मद्यार्क बहुधा १३ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान राहतो. कॅलिफोर्नियातील सखल, उष्ण खोऱ्यांतील कॅबरने सहज १५ टक्क्यांकडे झुकते, हे लक्षात घेतले म्हणजे डोंगराने घातलेल्या या मर्यादेचे मोल कळते.

सांताक्रूझ पर्वताला स्वतंत्र द्राक्षक्षेत्र म्हणून अधिकृत मान्यता १९८० च्या दशकाच्या आरंभी मिळाली. त्याच्या सीमा जिल्ह्यांच्या हद्दींवरून न आखता मुख्यतः समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून आखल्या गेल्या, ही त्या काळी नवी गोष्ट होती.

खडक : माथ्यावरील माती हिरवट दगडाचा चुरा आणि चिकणमाती यांची असून तिच्याखाली भेगाळलेला चुनखडक आहे. कॅलिफोर्नियाच्या द्राक्षप्रदेशांत चुनखडक विरळाच आढळतो. हा खडक मुळात समुद्रतळावर बनला आणि भूपट्टांच्या हालचालीत खंडाच्या कडेला येऊन चिकटला. प्रसिद्ध सॅन अँड्रियास प्रस्तरभंग (दोन भूपट्टांमधील भेग) या धारेच्या पश्चिम पायथ्यालगतच जातो. याच चुनखडकाच्या जोरावर शेजारी पर्मनन्टे येथे हेन्री कायझर या उद्योगपतीने सिमेंटचा कारखाना उभारला व कॅलिफोर्नियातीलच शास्ता धरणाला सिमेंट पुरवले. एकाच दगडातून एका बाजूला धरण आणि दुसऱ्या बाजूला वाइन निघाली, असे म्हणायला हरकत नाही. अशा उथळ, निचऱ्याच्या जमिनीत उत्पन्न बेताचेच येते. एकरी सरासरी दोन टनांच्या आसपास माल निघतो. खाण्याच्या द्राक्षांचे एकरी दहा टन घेणाऱ्या निफाड-दिंडोरीच्या बागायतदाराला हा आकडा पीक बुडाल्यासारखा वाटेल; येथे तो घडांतील रस दाट असल्याचे लक्षण मानला जातो.

इतिहास : सॅन फ्रान्सिस्कोतील इटालियन समाजात मान असलेले डॉक्टर ओसेआ पेरोने यांनी १८८५ मध्ये धारेच्या माथ्याजवळ १८० एकर जमीन घेतली, उतारावर पायऱ्या पाडल्या आणि वेली लावल्या. डोंगरातलाच चुनखडक फोडून त्यांनी उताराच्या पोटात तीन पातळ्यांची वाइनशाळा बांधली. तिच्यात तयार झालेली पहिली वाइन १८९२ सालची. ही इमारत आजही वापरात आहे. अमेरिकेतील देशव्यापी दारूबंदीच्या (१९२०–३३) तडाख्यात येथील धंदा खचला. पुढे १९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने पेरोने यांच्या जमिनीच्या खालच्या उतारावरची एक ओसाड बाग विकत घेऊन दशकाच्या अखेरीस तीत कॅबरने सोव्हिन्यॉंची नव्याने लागवड केली. त्यांतील काही जुन्या वेली अजून फळ देतात.

ही बाग १९५९ मध्ये डेव्ह बेनियन आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी घेतली. चौघेही स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतील अभियंते होते. त्यांच्यापैकी चार्ली रोझेन यांच्या गटाने पुढे ‘शेकी’ हा यंत्रमानव घडवला, तर ह्यू क्रेन संगणकाच्या चुंबकीय तर्कमंडलांवर काम करत. शनिवार-रविवारी कुटुंबांसह डोंगरावर जायचे, झुडपे तोडून जुन्या पायऱ्या मोकळ्या करायच्या, असा त्यांचा परिपाठ होता. पहिल्या वर्षी त्यांनी जेमतेम पाव पिंप वाइन केली. ती इतकी उतरली की १९६२ च्या हंगामापासून त्यांनी रीतसर परवान्याने उत्पादन सुरू केले. पेरोने यांची जुनी वाइनशाळा १९६८ मध्ये त्यांच्या ताब्यात आली आणि १९६९ मध्ये पॉल ड्रेपर येऊन मिळाले. ड्रेपर यांचे शिक्षण तत्त्वज्ञानाचे. वाइनशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती, अनुभव होता तो चिलीमधील एका छोट्या वाइनशाळेचा. एकोणिसाव्या शतकातील पद्धती अभ्यासून त्यांनी येथील काम बसवले आणि २०१६ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते त्याच वाटेने चालवले. मालकी १९८६ मध्ये जपानमधील ओत्सुका या औषधकंपनीकडे गेली, पण कामाची रीत बदलली नाही.

निर्मिती : घड हाताने तोडतात. किण्वनासाठी विकतचे यीस्ट न घालता बागेतून व वाइनशाळेतून आपसूक येणाऱ्या यीस्टवरच भिस्त ठेवली जाते. वर तरंगणाऱ्या सालांच्या थरावर रस पुन्हापुन्हा फिरवून रंग व टॅनिन (सालीतील तुरट द्रव्य) उतरवून घेतात, आणि तुरटपणा पुरेसा आला आहे की नाही हे रोज चाखून ठरवतात. बोर्दोच्या बड्या वाइन फ्रेंच ओकच्या पिंपांत मुरतात. मॉन्टे बेल्लो मात्र मुख्यतः अमेरिकन ओकमध्ये मुरते. अमेरिकन ओक म्हणजे नारळ-व्हॅनिलाचा भडक वास, असा जाणकारांत समज असतो. येथे लाकूड करवतीने कापल्यावर उघड्या हवेत दीर्घकाळ वाळू देतात, त्यामुळे त्याचा उग्रपणा पावसाउन्हात निघून जातो.

वाइनचे खरे भवितव्य ठरते ते हिवाळ्याच्या अखेरीस. बागेच्या वीसहून अधिक तुकड्यांचा माल तोवर वेगवेगळा ठेवलेला असतो. चाखणाऱ्यांपुढे खुणा नसलेले पेले मांडले जातात. आधी एक पायाभूत मिश्रण ठरवतात, मग एकेका तुकड्याची वाइन त्यात घालून बनवलेला पेला आणि न घातलेला पेला शेजारी ठेवून विचारले जाते : कोणता सरस? मत त्याच्या बाजूने पडले तर तो तुकडा आत, नाही तर बाहेर. तो कोणत्या जुन्या वेलींचा, याला त्या टेबलावर किंमत नसते. बाहेर पडलेली वाइन त्याच बागेच्या दुसऱ्या, स्वस्त बाटलीत जाते. मालाचा मोठा हिस्सा अशा रीतीने दरवर्षी खाली उतरतो, आणि मॉन्टे बेल्लोची बाटली दोनशे डॉलरच्या वर जाण्यामागे हेही एक कारण आहे.

वाइनमध्ये काय काय घातले याची यादी छापण्याची कायद्याने सक्ती नसताना रिजने २०११ च्या वाइनपासून ती बाटलीमागच्या चिठ्ठीवर देण्यास सुरुवात केली. बिस्किटाच्या पुड्यावरही घटक छापावे लागतात, मग वाइनलाच सूट का, हा प्रश्न यातून आपोआप उभा राहतो.

पॅरिसची चाचणी : पॅरिसमध्ये दुकान चालवणारे ब्रिटिश वाइनविक्रेते स्टीव्हन स्परियर यांनी २४ मे १९७६ रोजी फ्रेंच व कॅलिफोर्नियन वाइनची आंधळी, म्हणजे कोणती वाइन कोणाची हे परीक्षकांना न सांगता, चाचणी घेतली. नऊ फ्रेंच परीक्षकांच्या गुणांवरून लाल वाइनमध्ये कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यातील स्टॅग्ज लीप या वाइनशाळेची १९७३ सालची वाइन पहिली आली. मॉन्टे बेल्लोची १९७१ सालची वाइन, म्हणजे ड्रेपर यांच्या हातची, पाचव्या क्रमांकावर राहिली. गाजावाजा अर्थातच पहिल्या क्रमांकाचा झाला. फ्रेंच बाजूने तेव्हा एक आक्षेप आला : कॅलिफोर्नियाच्या वाइन तरुणपणी खुलतात, पण त्यांना आयुष्य नसते; बोर्दोच्या वाइन तीस वर्षांनी चाखा. बरोबर तीस वर्षांनी, २४ मे २००६ रोजी, त्याच लाल वाइन लंडन व नापा येथे एकाच दिवशी पुन्हा चाखल्या गेल्या. दोन्ही ठिकाणचे गुण मिळवल्यावर पहिल्या पाचही वाइन कॅलिफोर्नियाच्या निघाल्या आणि सर्वांत वर होती १९७१ ची मॉन्टे बेल्लो. १९७६ च्या पहिल्या क्रमांकाहून या निकालाचे वजन मला अधिक वाटते, कारण आक्षेप घेणाऱ्यांनी सांगितलेल्या कसोटीवरच तो लागला.

महाराष्ट्राशी दुवा : या वाइनचा नाशिकशी थेट संबंध नाही. मात्र नाशिकच्या सुला वाइनशाळेचे संस्थापक राजीव सामंत हे जवळच्याच स्टॅनफर्ड विद्यापीठाचे विद्यार्थी, आणि त्यांचे सुरुवातीचे सल्लागार केरी डॅम्स्की हेही कॅलिफोर्नियाचेच. आधुनिक नाशिकच्या वाइनची एक शिकवणी याच परिसरात झाली, इतके म्हणता येते.

स्वरूप : रंग गडद जांभळट लाल. कोवळेपणी आम्लता व टॅनिन पुढे येतात आणि चव काहीशी कडक, मिटलेली लागते. काळ्या मनुकांसारखी गोडी मागे राहते. दहा-पंधरा वर्षांनी तुरटपणा मऊ होतो आणि ओल्या मातीचा, देवदाराचा, वाळल्या पानांचा वास वर येतो. जुन्या बाटलीत तळाशी गाळ बसतो, म्हणून ती आदल्या दिवसापासून उभी ठेवून वाइन सावकाश दुसऱ्या भांड्यात ओततात आणि मानेपाशी गाळाची पहिली रेघ दिसताच हात थांबवतात.